साठ फेऱ्या कुठे गेल्या?

शेतातल्या पंपाची मोटार जवळून पाहिलीय का? (बंद असताना आणि मोठं माणूस सोबत घेऊनच बघा हं!) तिच्यावर पत्र्याची एक पट्टी असते. त्यावर बऱ्याचदा १४४० असा आकडा दिसतो. म्हणजे मिनिटाला १४४० फेऱ्या. "ताई, १५०० का नाहीत सांग?" माझ्या धाकट्या बहिणीनं विचारलं. ती तेव्हा कोल्हापुरात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत होती. मी पडले प्राथमिक शाळेतली बाई, मला काय ठाऊक!

मग तिनंच सांगितलं. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. मोटारीच्या स्थिर भागात तीन फेजची गुंडाळी असते. तिन्ही फेज पाळीपाळीनं जोर धरतात, त्यामुळे आत चुंबकी क्षेत्र गरगर फिरतं, मिनिटाला १५०० वेळा. मधला रोटर त्याच्यामागे धावतो. गंमत म्हणजे रोटरला बाहेरून वीज दिलेलीच नसते! क्षेत्र त्याला मागे टाकत जातं, म्हणूनच त्याच्यात वीज तयार होते. फॅरडेनं १८३१ साली शोधलेलं तत्त्व ते हेच. रोटरनं क्षेत्राला गाठलं, तर ती वीजही संपेल आणि जोरही. या मागे राहण्याला 'स्लिप' म्हणतात.

पोफळीला कोयनेच्या पाण्यावर फिरणारी जनित्रं मात्र अशी मागे पडत नाहीत. ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून कोयनेची जनित्रं आणि तामिळनाडूतली जनित्रंही एकाच तालावर चालतात.

'मशिन्स' या विषयाला कॉलेजातली भलीभली मुलं टरकतात. आमच्या आबांना तर वाटायचं, एवढं शिकून पोरगी मोटारीच दुरुस्त करणार की काय!

एका उन्हाळ्यात आमची नदीवरची मोटार नुसतीच गुणगुणू लागली, फिरेना. ऊस सुकत चाललेला. आबा पुन्हा पुन्हा बटण दाबत होते.

"आबा, आधी बंद करा! एक फेज गेलीय." पेटीवरच्या तीन दिव्यांपैकी एक विझला होता. दोनच फेज असल्या की थांबलेल्या मोटारीत फिरतं क्षेत्र तयार होत नाही. मोटार जागच्या जागी भरमसाट वीज ओढते आणि गुंडाळी जळते. मागच्याच महिन्यात शेजारच्यांची तशीच जळली होती. रिवाइंडिंग होऊन येईपर्यंत त्यांच्या उसाची पाण्याची पाळी चुकली.

संध्याकाळी तिसरा दिवा लागला. बटणाला हात लावण्याआधी आबांनी बहिणीकडे पाहिलं. "लावू का गं आता?"