पवनेकाठचे चांदणे

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात रात्र पुरती काळोखी होतच नाही. कारखान्यांचे दिवे आणि महामार्गावरील मालट्रकांची रांग यांच्या झगमगाटात पौर्णिमा दिनदर्शिकेतच पाहावी लागते. म्हणून कोजागरीला भोसरी, चिंचवड, चाकणची अनेक व्यापारी कुटुंबे दुकान लवकर आवरून तळेगाव, कामशेतमार्गे पवनानगरची वाट धरतात.

लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या किल्ल्यांच्या सान्निध्यात पवना धरणाचा जलाशय पसरला आहे. त्याची साठवण सुमारे साडेआठ टीएमसी. येथून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलले जाते आणि पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोहोचते. ज्या पाण्यावर शहर जगते, त्याचे मूळ रूप पाहण्यास आश्विनासारखा महिना नाही. पावसाने जलाशय काठोकाठ भरलेला असतो आणि सूर्य मावळण्याच्या सुमारासच चंद्र वर येतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांत मध्यरात्रीच्या मसाला दुधाचा प्रश्न नसतो. त्यांच्या वाट्याला निखळ चांदणे येते, आणि ते काही थोडे नव्हे.

अशा वेळी पाण्यात उतरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र चांदणे पाण्याचा पृष्ठभाग दाखवते, खोली दाखवीत नाही. पौर्णिमेचा प्रकाशही सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांवा भाग असतो, आणि चंद्र क्षितिजालगत असताना त्यातील बराचसा पाण्यावरूनच परावर्तित होतो. या जलाशयात वाघेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. वर्षातील बराच काळ ते पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडे पडते. जेथे अख्खे मंदिर दृष्टीआड राहते, तेथे बुडालेला बांध, खड्डा किंवा गाळ रात्री कोणाला दिसणार? गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल पुरुषभर खोलीत पडू शकते. दरवर्षी या परिसरात तरुण बुडाल्याच्या बातम्या येतात. त्यांच्या शोधासाठी लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आणि वन्यजीव रक्षक मावळ यांचे स्वयंसेवक पाण्यात उतरतात. त्यांच्यावर ती वेळ न आणणे हे पर्यटकाचे पहिले कर्तव्य होय.

पूर्वी गावोगावच्या विहिरींवर मुले पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकत. काठावर घरचे जाणते माणूस बसलेले असे. दुकान आणि शिकवणी यांत वाढलेल्या पुढच्या पिढीची ती शाळा सुटली, पाण्याची ओढ मात्र सुटली नाही. खरा धोका या दोहोंतील अंतरात आहे. तो टाळायचा तर मुलांना तरणतलावावर प्रशिक्षकाच्या हाताखाली रीतसर पोहणे शिकवावे. तो खर्च नव्हे, गुंतवणूक आहे.

चांदण्यात पोहण्याची हौसही भागवता येते, पण जलाशयात नव्हे. परिसरातील काही शेतघरांत व विश्रामस्थळी उघड्या आकाशाखालचे बांधीव तलाव आहेत. तलावाची खोली, पायऱ्या आणि कठडे दिवसाउजेडीच पाहून ठेवावेत. पाण्यातील एक तरी दिवा चालू असावा. तळ दिसत नसेल तर उतरू नये, हा नियम कोणासाठीही मोडू नये. उडी न मारता पायऱ्यांनी उतरावे. पोहता येणाऱ्या एका प्रौढाने कोरडे राहून, मोबाइल बाजूला ठेवून, केवळ पाण्याकडे लक्ष द्यावे. मंद प्रकाशात लाल रंग काळा भासतो, म्हणून टोपी पांढरी किंवा पिवळी निवडावी. नवशिक्यांना जीवरक्षक जाकीट घालावे. अंग थरथरू लागताच बाहेर यावे.

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याबाहेर ठेवण्यातच त्याची शक्ती संपते. त्याच्यामागे उडी टाकणारा स्वतःही बुडतो, असे वारंवार घडले आहे. दोर, ओढणी, लांब काठी किंवा झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन त्याच्याकडे टाकावा आणि ११२ क्रमांकावर मदत मागावी.

जलाशयाचा आनंद मात्र काठावरून घ्यावा. दिवे मालवून वीस-पंचवीस मिनिटे शांत बसले की डोळे चांदण्याला सरावतात. मग तुंगाचा सुळका, तिकोन्याची कडा आणि पाण्यावरची चंदेरी वाट हळूहळू स्पष्ट होत जाते. मोबाइलचा एक झोत पडला की ते सारे पुसले जाते आणि पुन्हा तितकाच वेळ थांबावे लागते.

निघण्याची वेळ झाली की सामानाआधी माणसे मोजावीत. दुकान बंद करताना रोजमेळ जुळल्याशिवाय कोणी उठत नाही. येथेही तोच शिरस्ता पाळावा.