अरफजांचं नाक आणि आपाचा दात

आमच्या आपाला वहम आहे, असं घरात ठरून गेलं होतं. ठरवणारे आम्हीच, आम्ही तिघं भाऊ. शिकलेले, पगारदार, रोज वर्तमानपत्र वाचणारे. आपा थोरली. अब्बा गेले तेव्हा तिने सूप मांडीवर घेतलं ते चाळीस वर्षं खाली ठेवलं नाही. तेंदूची पानं भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा आणि हजार विड्या मोजून कारखान्यात नेऊन द्यायच्या. सोलापुरात हे काही नवलाचं नाही. इथल्या हजारो घरांची चूल विडीवर पेटली आहे. आमच्या शाळेच्या फिया त्याच सुपातून गेल्या.

विडीच्या बायकांना मिश्रीची सवय लागतेच. हाताशी तंबाखू असते, तव्यावर भाजायची, बोटाने हिरड्यांना लावायची. भूकही मरते आणि झोपही पळते. साठीला येईतो आपाच्या दाढा हलू लागल्या. काही पडल्या, काही काढाव्या लागल्या. आमच्या सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा तिचा जीव की प्राण. ती भाकरी ती शेरव्यात बुडवून, लगदा करून गिळू लागली. शेवटी आम्ही तिघांनी वर्गणी काढली. आयुष्यभर तिने आम्हाला खाऊ घातलं, आता तिला चावता आलं पाहिजे, असं आम्ही मोठ्या थाटात म्हणालो.

उजवीकडे खालच्या जबड्यात एक इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू आणि त्यावर दात. डावीकडे तीन कॅपांचा ब्रिज. आपाला कवळी नको होती. मात्र मनात एक शंका होती. असा कायमचा दात बसवला तर गुस्ल होतो का? आम्ही तिला मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, ‘‘जो दात निघतच नाही तो आता तुमचाच अवयव समजा. तोंडात पाणी फिरवलं की झालं.’’ मग त्यांनी हजरत अरफजा बिन असद यांची गोष्ट सांगितली. इस्लामपूर्व काळात कुलाबच्या लढाईत त्यांचं नाक गेलं. त्यांनी चांदीचं नाक बसवून घेतलं. त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना सोन्याचं नाक बसवून घ्यायला सांगितलं. अबू दाऊद आणि तिरमिजीच्या हदीस-संग्रहांत हा प्रसंग आहे. पुरुषाला सोनं वापरणं मना, तरीही ही मुभा मिळाली. पुढे इमाम अबू हनीफा म्हणाले की हलणारे दात बांधायला चांदीची तार चालेल, सोन्याची नको. त्यांचेच शिष्य इमाम मुहम्मद यांनी सोन्यालाही परवानगी दिली. आम्ही या सगळ्यातून एवढंच घेतलं की दात बसवायला हरकत नाही. गोष्टीतला दुसरा अर्धा भाग आमच्या कानांवरून गेला.

दात बसले. पहिला महिना छान गेला. आपाने कडक भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, तो कडाडला, आणि ती लहान मुलीसारखी हसली. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, ‘‘मुँ में लोखंड चूसे सरीखा लगता रे.’’ आम्ही म्हणालो, नवं आहे, सवय होईल. मग जीभ चुरचुरू लागली. ओठांचे कोपरे फाटले. मानेवर आणि पापण्यांवर खाज सुटून लाल चट्टे उठले. ती म्हणे, दातामुळे. आम्ही म्हणू, तंबाखूच्या धुळीमुळे. दात तोंडात, चट्टे मानेवर, याचा त्याच्याशी संबंध काय? दंतवैद्यांनीही हिरड्या तपासल्या, फोटो काढला, सगळं ठीक आहे म्हणाले. शेजारणींनी नजर लागली म्हणून पाणी दम करून आणलं. आणि थोरल्याच्या मुलाने मोबाईलवर काहीबाही वाचून जाहीर केलं की टायटॅनियम हे विष आहे, स्क्रू आजच्या आज काढून टाका. म्हणजे घरात दोनच पक्ष उरले, एक वहमवाले आणि एक विषवाले. आपा मधे बसून विड्या वळत होती. ती फक्त एवढंच म्हणे, ‘‘वहम नै रे बाबा, मुँ मेरा है.’’

कोडं सोडवलं ते आमच्या धाकट्या भाभीने. ती शिकलेली, पण तिने पुस्तकातलं काही विचारलं नाही. तिने विचारलं, ‘‘आपा, तुमच्या कानांत कडुनिंबाची काडी का असते?’’

आमच्या आठवणीत आपाच्या कानांत कायम काडीच होती. ती गरिबीची काडी आहे अशी आमची समजूत. आपा म्हणाली, लग्नातल्या सोन्याच्या बाळ्या होत्या, त्या मधल्याच्या कॉलेजच्या फीसाठी मोडल्या. मग जत्रेतून बेन्टेक्सच्या घेतल्या. आठ दिवसांत कान चिघळले, पाणी वाहू लागलं. दुसऱ्या घेतल्या, तेच. गिलटाच्या बांगडीने मनगटावर चट्टा, कपड्याच्या हुकाने पाठीवर चट्टा. शेवटी काडी बरी. हे तिने चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आम्ही तिघं खाली मान घालून बसलो.

त्यानंतर त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानांची हकिगत ऐकली आणि म्हणाले, हे निकेल असणार. खोट्या दागिन्यांना, हुकांना, घड्याळाच्या पट्ट्यांना निकेल असतं. घामाने त्याचे अतिसूक्ष्म कण सुटतात, कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराचे पहारेकरी त्यांना शत्रू समजतात. एकदा ओळख पटली की ती जन्मभर विसरत नाहीत. अशी अॅलर्जी लगेच उठत नाही. दोन-दोन दिवस उशिरा उठते, म्हणून कारण सापडत नाही. कान टोचण्याच्या चालीमुळे ती बायकांत जास्त. युरोपात दर शंभर बायकांमागे दहाहून अधिक जणींना ती आढळते. तिथे १९९४ साली कायदा करून दागिन्यांतल्या निकेलवर मर्यादा घातली. आमच्या जत्रेतल्या बाळीला कोण मर्यादा घालणार!

आणि दातांच्या स्वस्त कॅपा? त्या पुष्कळदा निकेल-क्रोमियमच्या असतात, त्यांत निकेलच साठ ते ऐंशी टक्के. वरून पांढरी सिरॅमिक चढवली तरी आतला सांगाडा तोच, आणि हिरडीशी त्याची कड उघडी राहते. लाळ, चिंच, लिंबू यांच्या संगतीने त्यातून कण सुटू शकतात. गंमत अशी की सगळ्यांनाच त्रास होत नाही. कानाला निकेल सोसत नाही अशाही कितीतरी माणसांना तोंडात ते सोसतं, कारण लाळ सतत धुऊन नेते. म्हणूनच दंतवैद्यही चटकन विश्वास ठेवत नाहीत. काहींना मात्र बाधतं, आणि तेही तोंडात कमी, दूरच्या कातडीवर जास्त.

आपाच्या पाठीवर चाचणीच्या पट्ट्या चिकटवल्या. मे महिना, सोलापूरचं ऊन, आणि दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. तिने ते रोजा असल्यासारखं निभावलं. अठ्ठेचाळीस तासांनी पट्ट्या काढल्या तेव्हा निकेलच्या जागी लाल, पुरळ उठलेला गोल होता. आपाने आरशात तो मान वळवून बघितला. काही बोलली नाही.

मग स्क्रूचं काय? भाच्याचा टायटॅनियमवरचा राग अजून गेला नव्हता. डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं एक उपकरण बसवलं होतं. काम झाल्यावर ते काढायला गेले तर निघेना. हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्याचं नाव यस्ता लार्सन. तो २००६ साली वारला, तोपर्यंत चाळीस वर्षं ते स्क्रू त्याच्या तोंडात होते. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच त्याचं कवच होतो. त्याचीही अॅलर्जी मुळीच नसते असं नाही. २००८ मध्ये स्पेनच्या डॉक्टरांनी इम्प्लांटच्या दीड हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत नऊ जणांची चाचणी सकारात्मक आली होती. त्यातही टायटॅनियमसाठी पाठीवरच्या पट्टीची चाचणी फारशी भरवशाची नाही. इम्प्लांट बिघडतात ते बहुधा जंतूंमुळे, साखरेच्या आजारामुळे, तंबाखूमुळे. ‘‘पुरावा निकेलविरुद्ध आहे, टायटॅनियमविरुद्ध नाही,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘आधी कॅपा बदला. स्क्रूला हात लावू नका.’’

तरीही धातूवर शंका घेणारा प्रत्येक जण वेडा नसतो, हे आम्हाला दुसऱ्या एका प्रकरणाने पटवलं. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातल्या डीप्यू कंपनीचा खुब्याचा कृत्रिम सांधा होता, एएसआर नावाचा. त्यात धातूचा गोळा धातूच्याच वाटीत फिरायचा. पावलागणिक घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरायचं. रुग्ण सांगत होते, दुखतंय, थकवा येतोय. २०१० च्या ऑगस्टमध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. भारतात सुमारे ४,७०० जणांना तो बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याचा पाठपुरावा केला, मुंबईच्या रुग्णांनी वर्षानुवर्षं दाद मागितली, आणि केंद्राच्या समितीने किमान वीस लाखांच्या भरपाईची शिफारस केली ती २०१८ मध्ये. दाताचा स्क्रू असा घासत नाही, म्हणून दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. पण शिकण्यासारखं एक आहे. रक्तातलं कोबाल्ट मोजण्याआधी त्या माणसांनाही कुणीतरी ‘वहम’ म्हटलंच असेल.

आपाच्या डावीकडचा ब्रिज काढला, उजवीकडची कॅपही काढली. बिनधातूच्या, झिर्कोनियाच्या कॅपा बसवल्या. पुन्हा वर्गणी, या वेळी थाट न करता. दोन महिन्यांत मानेचे आणि पापण्यांचे चट्टे गेले, तोंडातली लोखंडाची चव गेली. जिभेची चुरचुर मात्र निम्मीच गेली. तपासणीत साखर वाढलेली आणि बी-बारा कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. हातांच्या भेगा तशाच राहिल्या. त्या तंबाखूच्याच होत्या. म्हणजे आम्ही अगदीच खोटे नव्हतो आणि आपा सगळ्याच बाबतीत खरी नव्हती. पण जे ती सांगत होती ते ऐकल्याशिवाय यातलं काहीच वेगवेगळं करता आलं नसतं.

अलीकडे मौलवीसाहेबांच्या गोष्टीतला तो अर्धा भाग आम्हाला पुन्हा पुन्हा आठवतो. अरफजा (रजि.) यांच्या चांदीच्या नाकाची तक्रार ऐकली गेली. तुला भास होतो, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. चांदी लवकर काळवंडते, सोनं गंजत नाही, हे रसायन तेव्हा कुणी मांडलेलं नव्हतं. धातू बदलायला सांगितला गेला, तोही ज्याला एरवी मनाई तो. आम्ही चौदाशे वर्षांनंतरचे, हाती चाचण्या आणि पट्ट्या असलेले, आणि आम्हाला घरातल्या बाईचं एक वाक्य ऐकायला आठ महिने लागले.

आमच्या वाचक भगिनींना म्हणून एवढंच सांगतो. कानातलं चिघळत असेल, हुकाने चट्टा उठत असेल, तर दात बसवण्याआधी ते डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी. तोंडात कोणता धातू बसवणार ते कागदावर लिहून मागा. आणि भावांनो, आपण शिकलेले आहोत म्हणून बहिणीचं तोंड आपल्याला जास्त कळतं, असं समजू नका.

नव्या दंतवैद्यांनी आपाला तशी चिठ्ठी लिहून दिली. स्क्रू टायटॅनियमचा, कॅपा झिर्कोनियाच्या, निकेल वर्ज्य. आपाला वाचता येत नाही. तिने ती चिठ्ठी घडी घालून, ज्या प्लास्टिकच्या पिशवीत तिचं विडी-कार्ड असतं तिच्यात ठेवली. आम्ही तिच्यासाठी बाळ्या करायच्या म्हणालो तर तिने भाभीच्या मुलीकडे बोट केलं. ‘‘उसके कान टोचाना है ना, उसकू करो. सोने के करो.’’