पप्पांचा डबा आणि माझा उपास

इथं बेळगावच्या आठवणी लिहिताना कुंदा आणि मांडे हमखास येतात. मी आज उपाशी दिवसांबद्दल लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही बेळगावचे मराठी मेथडिस्ट. लंडन मिशनचे लोक इथं १८२० साली आले आणि १९०४ मध्ये त्यांनी इथलं काम मेथडिस्टांकडे सोपवलं. आमच्या घराण्याचा बाप्तिस्मा लंडन मिशनच्या काळातला, असं आजी सांगायची. लेंत, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंतचा काळ, आमच्या घरी पाळायचे. दिवस मोजले तर ४६ भरतात. पण रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार, तो उपासात धरत नाहीत. सहा रविवार वजा केले की उरतात ४०. येशू रानात ४० दिवस उपाशी राहिला, त्याची ही आठवण.

शेजारच्या गोवेकर मावशी कॅथलिक. त्यांचे नियम ठरलेले. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकच पुरं जेवण, मटण-कोंबडी बंद. आमच्यात असं काही बांधून दिलेलं नाही. मेथडिस्टांचे मूळ पुरुष जॉन वेस्ली तरुणपणी बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत काही खात नसत, तेवढं आम्हाला संडे स्कूलात शिकवलेलं. बाकी ज्यानं त्यानं देवाशी ठरवायचं. समोरच्या काकू आईला विचारायच्या, "तुमच्यात उपासाला साबुदाणा चालतो काय ओ?" आई म्हणायची, "आमच्यात कायच चालत नाही, वैनी." मग दोघी हसायच्या. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे काकू स्वतःच म्हणायच्या.

पप्पा उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर होते. लेंतच्या शुक्रवारी आई आणि आक्का सकाळपासून उपाशी, आणि पप्पा मात्र नेहमीसारखी आंघोळ करून, डोक्याला तेल लावून, चार चपात्यांचा डबा घेऊन निघायचे. संध्याकाळी डबा रिकामा. मला लहानपणी त्याचा रागच यायचा. ह्यांना जमत नाही, एवढंच मी समजून होतो.

पप्पा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या कारखान्यातला एक माणूस घरी आला. तो तिथं हेल्पर म्हणून लागला तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता. म्हणाला, "दर वर्षी ह्या दिवसांत शुक्रवारचा डबा मलाच द्यायचे. मला वाटायचं, ह्यांना पोटाचा त्रास आहे." आई काही बोलली नाही. आत जाऊन तो डबा घेऊन आली आणि मांडीवर धरून बसली. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूनं सांगितलंय की उपास करताना तोंड धुवा, तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. हे आम्ही शंभर वेळा ऐकलेलं. घरातच ते चाललेलं आम्हाला दिसलं नाही.

आता माझं सांगतो. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

पप्पांच्या मागोमाग आईही गेली. घर दोघांच्या वाट्याचं, माझ्या आणि आक्काच्या. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, त्यात मुलगा आणि मुलगी समान. हे मला नीट माहीत होतं. तरी मी आक्काला म्हणालो, "घर एकाच्या नावावर असलं तर दुरुस्तीला कर्ज लगेच मिळतं. तू हक्कसोडपत्रावर सही कर, तुझा वाटा मी नंतर देतो." तिनं सही केली. धाकट्या भावावर विश्वास ठेवून, न वाचता. ते 'नंतर' नऊ वर्षं आलं नाही. पहिली दोन वर्षं तिनं विचारलं, मग विचारायचं सोडलं, मग यायचंच सोडलं.

त्या नऊ वर्षांत माझे उपास मात्र जोरात. ४० दिवस मटण नाही, चहा नाही, शुक्रवारी पाण्यावर. मंडळीत लोक म्हणायचे, ह्याच्यासारखा लेंत कोण पाळत नाही. मला ते ऐकायला आवडायचं.

एका वर्षी बुधवारच्या प्रार्थनेत वचन वाचायची पाळी माझ्यावर आली. यशया, अध्याय ५८. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला तरी तू बघत का नाहीस? देव म्हणतो, उपासाच्या दिवशीही तुमची भांडणं आणि लुबाडणूक चालूच असते. मग भुकेल्याला भाकर, उघड्याला वस्त्र, आणि सातव्या वचनाच्या शेवटी, आपल्या रक्तामांसाच्या माणसाला तोंड चुकवू नये, अशा अर्थाचे शब्द येतात. तिथं माझा आवाज अडकला. लोकांना वाटलं, उपासानं चक्कर आली. कुणीतरी पाणी आणून दिलं.

पश्चात्तापासाठी जुन्या करारात जो हिब्रू शब्द येतो, त्याचा अर्थ मागे फिरणं. नुसतं रडणं नव्हे. पुढच्या शुक्रवारी मी खानापूरची बस पकडली.

आक्कानं दार उघडलं. पहिला प्रश्न, "जेवलास काय?"

म्हटलं, "उपास हाय."

"कशाचा?"

मी सगळं सांगितलं. फसवलं, हा शब्दही वापरला. ती चुलीकडे तोंड करून ऐकत होती. मला वाटलेलं, जवळ घेईल, असू दे रे म्हणेल. ती म्हणाली, "पैसे नको म्हणणार नाही मी. माझ्या पोरीचं शिक्षण त्याच पैशात झालं असतं. हिशेब करून आण, मग बोलू." आणि पुढं आंबीलीचा तांब्या ठेवला. "हे पी. उपाशी माणसाशी मला भांडता येत नाही."

मी प्यालो. त्या दिवशी उपास मोडला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

घराची किंमत काढून घेतली, बँकेचं कर्ज काढलं. निम्मा वाटा दिला, उरलेला हप्त्यांनी चाललाय. जक्कयानं चौपट परत देईन म्हटलं होतं, माझ्याच्यानं मूळ मुद्दलही एकदम देणं झालं नाही. आक्का अजून घरी आलेली नाही. गेल्या गुड फ्रायडेला मात्र बारा ते तीनच्या उपासनेला आली, मागच्या बाकावर बसली, आणि मला न भेटता गेली. भाची तेवढी थांबली आणि 'मामा' म्हणाली.

पप्पांचा डबा आता माझ्याकडे आहे. लेंतच्या शुक्रवारी तो भरून कामावर नेतो. कुणाला देतो ते लिहीत नाही.

इंदूर, बडोदा, हैदराबादकडच्या आपल्या मंडळींत उपास कसा धरायचे? घरच्या आठवणी असतील तर जरूर लिहा.