1566 वरची रात्र

मे महिन्यात नागपुरात एके काळी रात्री घरात कुणी झोपत नसे. दिवस कलला की गच्चीवर बादल्या ओतायच्या, सिमेंटातली वाफ निघून जाईपर्यंत थांबायचं, मग गाद्या टाकायच्या. अशाच दिवसांत, 18 मे 1988 रोजी, आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. संध्याकाळी सहा पन्नासला ती उघडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून गेल्यावर मिटायची. कार्यक्रम दिल्लीत तयार होत, पण ते देशाच्या कानाकोपऱ्यात नेण्याचा मुख्य भार नागपूरवर होता. वर्धा रोडवर बुटीबोरीकडे एक मेगावॉटचा प्रक्षेपक उभा राहिला आणि डायलवर 1566 किलोहर्ट्झ ही जागा ठरली. दिल्ली आणि कोलकात्याचे प्रक्षेपक जोडीला होते. तिन्ही मिळून देशाचं 64 टक्के क्षेत्र आणि 76 टक्के लोकसंख्या आवाक्यात येते, असं आकाशवाणी सांगत असे.

नागपूरच का, हे नकाशावर बोट ठेवलं की कळतं. झिरो माइलचे चार घोडे ज्या गावात उभे आहेत, त्या गावाहून कन्याकुमारीही लांब आणि काश्मीरही लांब, पण कुणीच फार लांब नाही. त्यात ही वाहिनी मध्यम लहरींवरची, म्हणजे मीडियम वेव्हवरची, आणि या लहरींचा स्वभाव रात्रीचा. दिवसा त्या जमिनीला धरून चालतात आणि काही अंतरावर दमतात. सूर्य मावळला की आयनांबराचा खालचा, लहरी गिळणारा थर विरतो. मग त्याच लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. दिवसा विदर्भापलीकडे जेमतेम पोचणारा आवाज मध्यरात्री राजस्थानात किंवा ओडिशात ऐकू यावा, तो यामुळे. येताना तो मधेच फुलतो, मधेच मागे सरतो, पुन्हा जवळ येतो. ज्यांनी रात्री मीडियम वेव्ह ऐकलं आहे त्यांना हे चढउतार आठवत असतील. परदेशातले छंदी श्रोतेही कान देऊन ही वाहिनी पकडत आणि आकाशवाणीकडून पोचपत्र मागवून जपून ठेवत.

मला मात्र नेहमी कुतूहल वाटत आलं ते जवळच्या श्रोत्याचं. रात्रभर चालणारी वाहिनी ऐकतं कोण? ज्याला झोपायचं नाही तो. उमरेडच्या कोळसा खाणीतून पाळी संपवून येणारा, कोराडीच्या वीज केंद्रात रात्रपाळी करणारा, फाटकावरचा गेटमन, जबलपूरहून हैदराबादकडे ट्रक नेणारा, मेडिकलच्या व्हरांड्यात पेशंटच्या उशाशी बसलेला. रमजानमध्ये ही वाहिनी 'सहरगाही' हा खास कार्यक्रम थेट प्रसारित करायची आणि त्या रात्रींत नागपूरचा मोमिनपुरा तसाही जागाच असतो. उर्दू कार्यक्रम, हिंदी-इंग्रजी बातम्या, शास्त्रीय गायन, रात्री दोन वाजता एखाद्या विषयावरची संथ चर्चा. नागपूरच्या कानाला हिंदी परकी नव्हती. मराठी आणि हिंदी मुलूख एका राज्यात नांदत होते तेव्हाची ही राजधानी. इथल्या माणसाला एका वाक्यातून दुसऱ्या भाषेत जायला वेळ लागत नाही.

आणि जागल. विदर्भाबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. पीक उभं असलं की रानडुकरांपासून ते राखायला शेतकरी रात्र शेतात काढतो, तिला जागल म्हणतात. चार लाकडी खांबांवर माच, वर तुराट्यांचं किंवा ताडपत्रीचं छप्पर, खाली शेकोटी. शिवाय कृषिपंपाची थ्री-फेज वीज पुष्कळदा रात्रीच येते, म्हणजे ओलितही रात्रीच. भिवापूरकडच्या एका शेतात असा एक माच मी पाहिला आहे. खांबाला खिळा, खिळ्याला दोरी, दोरीला प्लास्टिकच्या पिशवीत रेडिओ. पिशवी दवासाठी. नॉब फिरवायला पिशवीच्या एका कोपऱ्याला भोक पाडलेलं. डायलच्या काचेवर नेलपॉलिशचा लाल ठिपका, काटा तिथे आणला की 1566. माचाच्या कडेला दिवसा सेल उन्हात मांडलेले असत, कारण मेलेल्या सेलला ऊन दाखवलं की तो आणखी एखादी रात्र काढतो.

माचाचा मालक साठीचा होता. म्हणाला, "आवाज असला ना भाऊ, का डुक्कर बांधापाशीच थांबते. अन् आपल्यालेही वाटते, का कोनी जागी आहे." मग आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला कोणत्याही अहवालात सापडली नसती. दर तासाला बातम्या लागत. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. बातम्या लागल्या की उठायचं, पाणी एका सरीतून काढून दुसऱ्या सरीत वळवायचं. हरभऱ्याला तितकंच पाणी पुरे. बातमी काय होती यापेक्षा ती लागली, हे त्याच्या कामाचं होतं. दिल्लीत बसून त्या बातम्या वाचणाऱ्याला भिवापूरचा हरभरा आपल्या आवाजावर पाणी पितो याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

डिसेंबर 2018 च्या अखेरीस प्रसार भारतीने राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा निर्णय घेतला. पाच शहरांतल्या प्रशिक्षण अकादम्याही त्याच निर्णयात होत्या. कारणं काटकसरीची आणि मीडियम वेव्हच्या क्षीण होत गेलेल्या पोचेची होती, आणि ती खोटी नव्हती. एक मेगावॉटचा प्रक्षेपक पूर्ण ताकदीवर चालवला तर नुसत्या लहरींवर तासाला हजार युनिट जातात, रात्रीची अकरा हजारांवर. त्याला लागणारी एकूण वीज त्याहून जास्त. इतका खर्च करून आवाज पोचावा कुठे? घराघरांत एलईडीचे दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर आले आणि त्यांच्या गुरगुरीत मीडियम वेव्ह बुडून गेली. धंतोलीतल्या फ्लॅटमध्ये रेडिओ लावला तर ऐकू येते ती शेजाऱ्यांची वीज. तरुण मंडळी एफएमकडे गेली, मग फोनकडे. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड लिहून पसंती-नापसंती कळवणारेही कमी होत गेले. तेव्हा वाहिनी थांबवली, यात मला अन्याय दिसत नाही. एखादी गोष्ट कुणी वापरत नसेल तर ती कायम चालू ठेवणं हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे, आणि तो पैसा शेवटी त्या माचावरच्या माणसाचाही आहे.

मला बोलायचं आहे ते "कुणी वापरत नाही" याबद्दल. कमी श्रोते उरले म्हणजे सगळे सारख्या प्रमाणात कमी झाले असं होत नाही. ज्यांना दुसरीकडे जाता येतं ते आधी जातात. शेवटी उरतात ते, ज्यांच्याजवळ दुसरं काही नाही. शंभरातले पंचाण्णव गेले तर राहिलेल्या पाचांची गरज शंभरांतली सगळ्यात घट्ट असते. नेमकं त्यांच्याच संख्येकडे बोट दाखवून आपण दार लावतो.

त्या निर्णयात पुष्कळ गोष्टींची सोय होती. कर्मचाऱ्यांना दुसरीकडे नेमायचं होतं. ध्वनिमुद्रणं दिल्लीच्या मध्यवर्ती संग्रहात जाऊन डिजिटल व्हायची होती; वाहिनीचा तीस वर्षांचा आवाज जपला जाणार, हे चांगलंच झालं. माणसांना पत्ता मिळाला, फितींना पत्ता मिळाला. श्रोत्याला मात्र पत्ता देता येत नाही, कारण तो कुठे आहे हेच माहीत नसतं. रेडिओ ऐकणारा मागे काही ठेवत नाही, ना सही, ना नोंद. त्याला गाठायची एकच जागा असते, तो ऐकतो ती जागा. आणि बंद तत्काळ करायचं ठरलं तर त्या जागेवरून निरोप द्यायला रात्री उरत नाहीत.

श्रोता नेहमीच असा बिनपत्त्याचा नव्हता. 1956 मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोता मंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून शेतीचा, आरोग्याचा कार्यक्रम ऐकत, तो संपला की त्यावर बोलत, आणि शंका केंद्राकडे लिहून पाठवत. त्यांची उत्तरं पुढे रेडिओवरून मिळत. केंद्राला गाव ठाऊक होतं, गावाला केंद्र. पुढे हा नमुना देशभर नेला गेला आणि कालांतराने विरला. पण त्या दीडशे गावांतलं एखादं मंडळ बंद करायचं म्हटलं असतं तर कुणाला कळवायचं हा प्रश्न पडला नसता.

बंद होणं आणि दुसरीकडे वळवलं जाणं नागपूरला नवं नाही. 16 जुलै 1948 ला इथे आकाशवाणी केंद्र सुरू झालं तेव्हा हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या राजधानीचं केंद्र होतं. आठ वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 ला, राजधानीपणच गेलं. फायली आणि माणसं काही भोपाळला गेली, काही मुंबईला. सिव्हिल लाइन्सचे बंगले आणि वडाची झाडं राहिली. पण त्या बाबतीत एक गोष्ट झाली होती: 1953 च्या नागपूर करारात विदर्भाला काय मिळेल ते लिहून ठेवलं होतं, आणि त्यातूनच हिवाळी अधिवेशन इथे भरतं. करार पुरता पाळला गेला की नाही, यावर इथे चहाच्या टपरीवरही वाद होतो. तरी वाद घालायला हातात एक कागद आहे. राजधानी गेलेल्या गावाला तेवढा मान मिळाला.

वाहिनी थांबल्यानंतर भिवापूरच्या त्या काकाजींना मी पुन्हा भेटलो. माच होता, पिशवी होती, ठिपका होता. सुरुवातीला त्यांना वाटलं सेल गेले. नवे टाकले. मग वाटलं सेटच गेला. शेवटी पुतण्याने सांगितलं का ते ठेसन आता नाही. आता रात्रीला फोन असतो, पुतण्याने त्यात कार्डावर गाणी भरून दिली आहेत. डुकरांना तेवढं पुरतं. आकाशवाणीचं न्यूजऑनएअर ॲप आहे आणि त्यावर देशभरची केंद्रं ऐकू येतात, हे मी त्यांना दाखवलं. माचावर नेटवर्कची एक काडी आली, आवाज दोन शब्द बोलला आणि थांबला. शंभर पॉइंट सहावर विविध भारती आहे, पण त्यांच्या जुन्या सेटला एफएमचा पट्टाच नाही. "गाणे तेच ते येतात," ते म्हणाले. पाणी वळवायला आता ते फोनचा गजर लावतात. चालतं त्यांचं. तक्रार त्यांनी केली नाही. मीच विचारत होतो.

मध्यम लहरींचे प्रक्षेपक देशात एकेक करून थांबवले जात आहेत आणि पुढेही थांबवले जातील. जिथे थांबवायचे तिथे थांबवावेत. पण आधी एक हंगाम द्यावा, पेरणीपासून काढणीपर्यंतचा, म्हणजे जागलीचा माणूस एकदा तरी ऐकेल. रोज रात्री तासाच्या बातम्यांनंतर, त्याच जागेवरून, त्या भागाच्या भाषेत सांगावं: ही जागा अमुक तारखेपासून बंद होते आहे, याच सेटवर, याच पट्ट्यात, अमुक किलोहर्ट्झवर अमुक केंद्र रात्री इतक्या वाजेपर्यंत लागतं, एफएमसाठी वेगळा सेट लागेल. काटा किती आणि कोणत्या बाजूला फिरवायचा तेही सांगावं, कारण त्या सेटवर आकडे कधीचेच पुसलेले असतात. आणि एक टपाल पत्ता द्यावा. पत्रं थोडीच येतील. जी येतील त्यांना हाताने लिहिलेलं उत्तर जावं, कारण तीन दशकं ज्यांच्या रात्रीसाठी हे सगळं उभं केलं, त्यांतल्या काहींची नावं तेव्हा पहिल्यांदा कळतील.