कसब्यांतील माळवद

सोलापुरास दक्षिण कसब्यांत शंभर वर्षांचा वाडा घ्यावयाचें ठरलें, तेव्हां आमच्या वडील बंधूंनीं प्रथम माळवद पाहिलें. हें जाड मातीचें छत वैशाखांतहि माजघर थंड ठेवतें. मात्र दर पावसाळ्यापूर्वीं त्यावर पांढरी माती चोपावी लागते, आणि तें काम जाणणारे आतां थोडेच. दगडी भिंतींविषयीं शंका नव्हती, शंका कागदांची. सन २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिघां भावांच्या सह्या तयार होत्या. थोरल्या बहिणीस कोणीं विचारलेंच नव्हतें! इसार देण्यापूर्वीं आम्हीं त्यांची गांठ घेतली. सहीपूर्वीं त्यांनीं एकच मागितलें: संक्रांतीस सिद्धेश्वराच्या यात्रेला आल्यावर उतरावयास माहेरची ओसरी. यंदा त्या आठ दिवस राहून गेल्या.