चूक पोरीची नव्हती, बिल्ल्याची होती

हल्ली शिष्यवृत्तीचा फॉर्म, वसतिगृहाचा अर्ज, जातीचा दाखला, परीक्षेचा निकाल, सगळं कॉम्प्युटरवर आलं आहे. त्याबरोबर एक वाक्यही आपल्या घराघरांत आलं : ‘आपले सत्र संपले आहे, पुन्हा लॉगिन करा.’ पाऊण तास बसून भरलेली माहिती क्षणात नाहीशी होते. पोरगं गप्प होतं, आई कपाळाला हात लावते आणि घरात ठरून जातं की आपल्या पोराला हे जमत नाही. माझं गाव नेसरी. कोल्हापुरात वेबसाइट बनवण्याच्या कामावर मी पोट भरतो. म्हणून या वाक्यामागे काय असतं, ते आज साध्या शब्दांत सांगतो.

वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते, त्याला सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर मुळात विसरभोळा. आपण एक पान मागितलं, त्याने दिलं, की व्यवहार संपला. दुसरं पान मागायला गेलो की पुन्हा ‘तुम्ही कोण?’ १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या प्रोग्रामरने यावर तोड काढली. तिचं नाव कुकी. चप्पल स्टँडवर चपला दिल्या की बिल्ला मिळतो, तशीच ही कुकी. बिल्ल्यात चपला नसतात, फक्त नंबर असतो. चपला खणात असतात. लॉगिन केलं की सर्व्हर आपल्या ब्राउझरला असा एक लांबलचक नंबर देतो. आपण कोण, याची नोंद सर्व्हरकडच्या खणात राहते. या खणाला सेशन, म्हणजेच सत्र म्हणतात. पुढचं प्रत्येक पान मागताना ब्राउझर तो नंबर दाखवतो. बिल्ला हरवला, बदलला, किंवा तिकडे खणच रिकामा केला, की आपण पुन्हा अनोळखी!

मध्यंतरी वहिनींचा गावाकडून फोन आला. “भाऊजी, पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म तीनदा भरला, तीनदा गेला. दुकानदार म्हणतो, हीच काहीतरी दाबते. दोन दिवस राहिलेत. ती म्हणते, मला कॉलेजच नको.” शेवटचं वाक्य ऐकून मी रात्रीच्या गाडीने गेलो. फॉर्मपेक्षा तेच वाक्य जास्त काळजीचं होतं.

सकाळी पुतणीला घेऊन त्या दुकानात गेलो. कोणाला दोष न देता एकेक कारण तपासायचं ठरवलं. आधी वेळ पाहिली. ती लॉगिन केल्यापासून पाच-सात मिनिटांतच बाहेर फेकली जात होती, म्हणजे मुदत संपल्याचा प्रकार नव्हता. मग कॉम्प्युटरचं घड्याळ पाहिलं. घड्याळ पुढे गेलेलं असेल, तर मुदतीची तारीख घेऊन येणारी कुकी येताक्षणीच मेलेली ठरू शकते. घड्याळ बरोबर होतं. ब्राउझरने कुकी अडवलेल्या नव्हत्या. पत्ताही दर वेळी तोच होता.

मग मी एफ-१२ बटण दाबून कुकीचा नंबर उघडला आणि पुतणीला म्हटलं, “याची शेवटची चार अक्षरं लिहून ठेव. फॉर्म भरत राहा, मध्ये मध्ये बघत राहा.” गर्दी होती. थोड्या वेळाने दुकानदाराने त्याच ब्राउझरमध्ये शेजारचा टॅब उघडून दुसऱ्या मुलाचं लॉगिन केलं. पुतणी लगेच म्हणाली, “काका, अक्षरं बदलली!”

कोडं सुटलं. टॅब कितीही उघडा, एका वेबसाइटसाठी त्या सगळ्या टॅबांत बिल्ला एकच असतो. दुसऱ्या मुलाने लॉगिन केलं की त्याचा बिल्ला हिच्या बिल्ल्याच्या जागी बसत होता. फॉर्म हिचा, नंबर त्याचा. मेळ बसला नाही म्हणून सर्व्हर हिला बाहेर काढत होता. वेबसाइट कच्ची असती तर हिची माहिती त्याच्या नावावरही गेली असती. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल उघडायचं, हे दुकानदाराला दाखवलं. त्यानेही मनाला लावून न घेता लगेच तसं केलं. फॉर्म त्याच दुपारी गेला.

पण दर वेळी कारण आपल्याकडचंच असतं असं नाही. सर्व्हरवर खण रिकामा करण्याची मुदत ठरलेली असते. पीएचपी या भाषेत ती मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं आहे. टॉमकॅट नावाच्या सर्व्हरवर ३० मिनिटं. आपण पान उघडून दाखला शोधत बसलो, तर सर्व्हरला वाटतं माणूस उठून गेला. कधी वेबसाइट दोन सर्व्हरवर विभागलेली असते आणि खण एकाच्याच डिस्कवर असतो. आपली विनंती दुसऱ्याकडे गेली की तो बिल्ला ओळखत नाही. अशा वेळी लोक ‘कधी चालतं, कधी नाही’ म्हणतात, आणि ते खरंच सांगत असतात. उपाय म्हणजे दोघांसाठी एकच सामायिक साठा ठेवणे. आमच्या धंद्यातल्या मंडळींनी आणखी एक करावं : भरलेलं प्रत्येक पान लगेच जतन करावं आणि मुदत संपण्याआधी इशारा द्यावा. ज्याने दिवसाची मजुरी बुडवून फॉर्म भरला, त्याचा पाऊण तास फुकटचा नसतो.

अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. आपल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर तिच्या आधाराने उभा राहिला. तो आधार एका हरवलेल्या नंबरापायी सुटू नये. म्हणून माताभगिनींनो, एवढं घरात सांगून ठेवा : सगळी कागदपत्रं स्कॅन करून मगच लॉगिन करा. दहा-दहा मिनिटांनी ‘सेव्ह’ दाबा. आपलं काम चालू असताना त्याच ब्राउझरमध्ये दुसऱ्याचं लॉगिन होऊ देऊ नका. काम संपलं की आठवणीने लॉगआउट करा, नाहीतर आपला बिल्ला पुढच्याच्या हाती राहतो. शेवटच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि ते वाक्य पडद्यावर आलंच, तर पोराला रागावू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, “त्याआधी काय काय झालं, क्रमाने सांग बघू.” निम्मं उत्तर तिथेच सापडतं.