इश्तार, पास्का आणि भीमाशंकरची घंटा

मार्च-एप्रिल आला की एक निरोप फिरत फिरत माझ्याकडे येतोच. पूर्वी ईमेलने यायचा, दहा जणांकडून फॉरवर्ड होत आलेला. आता व्हॉट्सअॅपवर येतो आणि सोबत एका बॅबिलोनी देवीचं चित्र असतं. मजकूर मात्र तोच. ईस्टर हा ख्रिस्ती सण नाहीच मुळी. तो इश्तार देवीचा सण. अंडी आणि ससे ही तिची सुफलतेची चिन्हं, चर्चने सगळं ढापलं वगैरे वगैरे. खाली 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा' हे आलंच.

मी तो पुढे पाठवत नाही. त्यामागची गोष्ट माझ्यासाठी फारशी अभिमानाची नाही, पण सांगते.

२००७ साली ८ एप्रिलला ईस्टर होता. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने आदल्या रात्रीच्या प्रार्थनेला वसईला बोलावलं. "राहायलाच ये, रविवारी जेवून जा," म्हणाली. वसईचे ख्रिस्ती लोक घरी मराठी बोलतात, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतात हे मला ऐकून माहीत होतं. प्रत्यक्ष अनुभव पहिलाच.

रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवलेले. बाहेर अंगणात लहानशी शेकोटी. मला एकदम होळीच आठवली! धर्मगुरूंनी एका उंच मेणबत्तीवर क्रूस कोरला, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर कोरलं आणि चालू वर्षाचे चार आकडे. मग येशूच्या पाच जखमांसाठी धुपाचे पाच खडे तिच्यात रोवले. शेकोटीच्या विस्तवावर ती मेणबत्ती पेटली, तिच्यावरून शेजारच्याची, त्याच्यावरून माझी. अंधारात ज्योतींची रांग आत सरकत गेली. मग वाचनं सुरू झाली. जगाची उत्पत्ती, इजिप्तमधून सुटलेले इस्राएली लोक आणि दुभंगलेला तांबडा समुद्र. हे सगळं शुद्ध मराठीत. आणि मग एका क्षणी सगळे दिवे लागले आणि घंटा वाजायला लागल्या. मैत्रीण कानात म्हणाली, "गुरुवारपासून गप्प होत्या." पवित्र आठवड्यात गुरुवारच्या संध्याकाळपासून या रात्रीपर्यंत घंटा वाजवत नाहीत. अंगावर काटा आला, खरंच.

एवढं सगळं पाहून दुसऱ्या दिवशी मी काय करावं? जेवताना, भरल्या ताटावर, मैत्रिणीच्या आईला म्हटलं, "काकू, तुम्हाला माहितेय का, हा सण मुळात तुमचा नाहीच. इश्तार नावाची देवी होती.." आणि ईमेलमध्ये वाचलेलं सगळं म्हणून दाखवलं. हुशारी दाखवायची हौस, दुसरं काय! मैत्रीण ताटात बघत राहिली.

काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण आम्ही ईस्टर कुठे म्हणतो गं? ते इंग्रजीतलं. आम्ही पास्काचा सण म्हणतो. मग त्याचं काय?"

मला उत्तर सुचलं नाही.

"आणि चाळीस दिवस मटण-मासळी बंद, अंडंही तोंडात घातलं नाही मी. ते काय त्या देवीसाठी?" असं म्हणून त्यांनी मला भाकरी वाढली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन वाचायला बसले. पुढे कित्येक महिने, अधूनमधून, वाचत राहिले. आणि जसजशी वाचत गेले तसतशी मेली लाज वाढत गेली.

काकूंचा प्रश्न अगदी वर्मावरचा होता. 'पास्का' हा शब्द ग्रीक 'पास्खा'वरून आला, आणि तो हिब्रू 'पेसाख'वरून. पेसाख म्हणजे ज्यूंचा सण. इजिप्तमध्ये मृत्यू घरोघर फिरला तेव्हा ज्यांच्या दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलं होतं ती घरं ओलांडून तो पुढे गेला, त्याची आठवण. मराठी बायबलने त्याला फार सुरेख शब्द वापरलाय, 'वल्हांडण'. येशूला क्रुसावर दिलं ते याच सणाच्या दिवसांत, म्हणून त्याच्या पुन्हा उठण्याच्या सणालाही तेच नाव पडलं. फ्रेंचमध्ये पाक, इटालियनमध्ये पास्क्वा, रशियनमध्ये पास्खा, आपल्या शेजारच्या कोकणीत पास्कांचें फेस्त. 'ईस्टर' म्हणणारे मुख्यतः इंग्रज आणि 'ओस्टर्न' म्हणणारे जर्मन. तुर्कस्तानच्या बाजूचे ख्रिस्ती हा सण नक्की कोणत्या दिवशी करायचा यावरून दुसऱ्या शतकात रोमशी भांडत होते. इंग्लंडात रोमचे धर्मप्रसारक पोचले ते ५९७ साली! म्हणजे इंग्रजी नावावरून सणाचं मूळ काढणं हे नातवाच्या टोपणनावावरून आजोबांची जात ठरवण्यासारखं.

मग देवी आली कुठून? बीड नावाच्या इंग्रज साधूने ७२५ साली कालगणनेवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की आमचे पूर्वज एप्रिलच्या सुमाराच्या महिन्याला 'एओस्तर' देवीच्या नावाने ओळखत आणि तिचे उत्सव करत. बस, एवढंच. त्यात अंडं नाही की ससा नाही. जर्मन कथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिमने १८३५ साली त्यावरून 'ओस्तारा' या जर्मन देवीचा तर्क मांडला. १९५८ साली जर्मनीत अशाच नावाच्या मातृदेवतांचे दीडशेहून जास्त रोमन काळातले शिलालेख सापडले. त्यामुळे बीडने देवी मनाने रचली असेल असं मला वाटत नाही. पण महिन्याला देवीचं नाव असणं निराळं आणि सण तिचा असणं निराळं. आपण शनिवारी केलेलं सगळंच काही शनीचं नसतं.

आणि इश्तार? तिचा आणि 'ईस्टर'चा संबंध केवळ कानाला लागणारा. हे पसरवलं ते अलेक्झांडर हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने, 'द टू बॅबिलॉन्स' या पुस्तकात, १८५०च्या दशकात. गंमत बघा, हा गृहस्थ स्वतः ख्रिस्ती. त्याला रोमन कॅथलिकांचं सगळं बॅबिलोनी मूर्तिपूजेतून आलंय हे सिद्ध करायचं होतं. म्हणजे मी काकूंच्या जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवलं ते प्रोटेस्टंट-कॅथलिक भांडणातलं दीडशे वर्षांचं शिळं अन्न. आणि मला वाटत होतं मी काहीतरी बंडखोर बोलतेय!

अंड्यांचं उत्तरही काकूंनी देऊन टाकलंच होतं. मध्ययुगात युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर दूध, लोणी, अंडी सगळं वर्ज्य असे. कोंबड्यांना थोडंच ते कळतं! अंडी साठत जायची आणि सणाच्या दिवशी सगळ्यांचीच त्यांच्यावर उडी पडायची. १२९० साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या हिशेबात ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्च मांडलाय. ती सोन्याचा वर्ख लावून, रंगवून वाटली होती. ग्रीक लोक अजूनही अंडी लाल रंगवतात, येशूच्या रक्ताची खूण म्हणून, आणि एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटून कुणाचं फुटत नाही ते बघतात. ससा तर फारच उशिरा आला. अंडी आणणाऱ्या सशाचा उल्लेख १६८२ साली एका जर्मन वैद्याने केलाय. पुढे जर्मन लोक अमेरिकेत गेले आणि त्याला घेऊन गेले. फ्रान्समध्ये मात्र मुलांसाठी अंडी ससा आणत नाही, घंटा आणतात. गप्प झालेल्या घंटा रोमला उडून जातात आणि ईस्टरला परत येताना खाऊ टाकत येतात! हे वाचलं आणि वसईची ती रात्र पुन्हा कानात वाजली.

तारखेचंही सांगायला हवं, कारण ते आपल्याला पटकन कळतं. २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार. (ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली, पंचांगातली नव्हे.) त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल असा हलत राहतो. २०२४ साली धुळवड २५ मार्चला होती आणि ईस्टर लगेच ३१ मार्चला. म्हणजे आपली होळीचीच पौर्णिमा. एखाद्या वर्षी ती हनुमान जयंतीची असते. यावरून उद्या कुणी ईस्टर हा मुळात होळीचा सण असं लिहिलेलं पत्र फिरवलं तर मला नवल वाटणार नाही.

असो. भीमाशंकरला मी लहानपणापासून जातेय. तिथे देवळाच्या आवारात शनीच्या मंदिरापुढे एक मोठी घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे आणि १७२९ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा सह्याद्री चढून अशा देवळांत आल्या, त्यातली ही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर आणखी एक आहे. मी शाळेत असताना त्या घंटेखाली उभं राहून आईचा हात ओढत विचारलं होतं, ही बाई कोण? आईने सांगितलं, "असेल कुठली तरी देवी, पाया पड." मी पडले. त्या ठिकाणी येऊन कुणी म्हटलं असतं की हे देऊळ मुळात तुमचं नाहीच, घंटा बघा, तर माझ्या आईने काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. बहुतेक त्याला प्रसाद दिला असता.

चार-पाच वर्षांनी पुन्हा वसईला गेले तेव्हा काकूंना हे सगळं सांगितलं. माफीही मागितली, उशिरा का होईना. तो प्रसंग त्यांना आठवतही नव्हता, किंवा तसं म्हणाल्या. घंटेचं मात्र नीट ऐकलं. केवढी आहे, मारियाचा चेहरा नीट दिसतो का, सगळं विचारलं.

"म्हणजे आमचीच की," म्हणाल्या. मग जरा थांबून, "राहू दे तिथेच. तुझी आई पाया पडली ना तिच्या?"

आणि माझ्यासाठी डबा भरायला आत गेल्या. डब्यात बदामाची गोड अंडी होती, गुलाबी आणि हिरवी.